फियाटखालची सही

काष्टी, ७ जानेवारी

ज्योती,

सप्रेम नमस्कार वगैरे मनात धर, लिहीत बसत नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सअ‍ॅपवर केलंस, इन्स्टावर केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही, म्हणून हे पत्र. तुझा बडोद्याचा पत्ता रविराजदादानं दिला. सरळ नाही दिला. सोनईला त्याच्या दुकानात मला दोन तास स्टुलावर बसवून ठेवलं. विहिरीवरच्या दोन मोटारींचं वायंडिंग भरून झालं तरी माझ्याकडं बघेना. मग म्हणाला, "पत्ता देतो. पन माझ्या बहिणीला पुन्हा तरास झाला ना अमृत, तर तुझंच वायंडिंग उसकटीन." भाऊ तुझा चांगला आहे, पण समोरच्याला चहा विचारावा एवढं कुणीतरी शिकव त्याला.

फोनवर तू ऐकूनच घेतलं नाहीस, म्हणून परत सगळं ओळीनं सांगतो. राहात्याच्या भागवतनानांकडं शेड भरून जुन्या गाड्या. अँबॅसिडर, विलीज जीप, हेराल्ड, आणि सगळ्यात लाडकी ती आकाशी फियाट. दिवाळीला पाहुण्यांना मिठाईच्या बॉक्सबरोबर द्यायला त्यांना फियाटचं चित्र पाहिजे होतं. हातानं छापलेलं, बारा प्रती. लोक कुत्र्याच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावायला लागलेत आणि हा माणूस लिनोकट मागतोय, म्हणून आपण त्या दिवशी नगरपर्यंत गाडीवर नुसते ओरडत गेलो होतो. तू लिनोची ती मऊ, रबरासारखी शीट कोरलीस. मी माझ्या चरकावर छापलं. (चरकाला नावं ठेवू नकोस. उसाच्या रसाचा असला तरी लेथवर त्याचे रूळ गुळगुळीत करून मीच त्याचा प्रेस केला. त्याला अजून रसाचा वास येतो ही तक्रार तुझ्याशिवाय फक्त मुंग्यांनी केली आहे.)

चार रंग झाले. शेवटचा काळा लागला आणि तू मावसबहिणीच्या लग्नाला गेलीस. नाना ठरल्याच्या दोन दिवस आधीच दारात. म्हणाले, "खाली सही कर की, कलाकार." मी केली. बाराच्या बारा प्रतींवर. तू आल्यावर सांगणारच होतो. तेवढ्यात नानांनी स्टेटसला फोटो टाकला, 'आमची फियाट, कलाकार अमृत दरेकर, काष्टी', आणि लगेच तुझा फोन. "खाली कुणाचं नाव आहे?" मी म्हणलं, दोघांचंच आहे की ते काम. तू म्हणालीस, "मी नाव विचारलं." आणि ठेवलास. आठ दिवसांनी कळतंय तू बडोद्याला, कुठल्याशा छापखान्यात कामाला. एका सहीवरनं माणूस राज्य सोडतं का?

आता कामाचं. २६ जानेवारीला नाना ती गाड्यांची शेड लोकांना बघायला उघडी करणार आहेत. त्यांनी पत्रिकेत छापून टाकलंय की कलाकार अमृत दरेकर सर्वांसमोर लिनोवर गाडी कोरून दाखवतील. मला न विचारता. म्हणजे विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो. पण दिवाळीत विचारलेलं माणूस जानेवारीपर्यंत विसरतं असं मला वाटलं.

तू ये. एक दिवस. मी शेजारी बसतो, रोलर फिरवतो, बोलायचं काम माझ्याकडं. आणि ती बारीक कोरणी, व्ही आकाराची, तू नेलीस का? ती मी आणली होती. तू सांगितली होतीस हे खरं, पण तीन दुकानं हिंडून आणली मी.

उत्तर पाठव. आज बाजार आहे, घरासमोर बैल बांधलेत आणि एकानं माझा वाळत घातलेला कागद खाल्ला. त्याचा मालक मलाच म्हणतो, "शाई इखारी न्हाई ना?"

अमृत

काष्टी, १४ जानेवारी

ज्योती,

तिळगूळ घे आणि गोड बोल, निदान बोल तरी. सात दिवस झाले. नगरहून बडोद्याला उसाची बैलगाडीसुद्धा सात दिवसांत पोचेल.

मी कोरायला बसलो. म्हणलं, त्यात काय एवढं, दोन वर्षं शेजारी बसून बघितलंय. लिनो नगरात मिळेना. दुकानदार म्हणाला संपलंय, मागवावं लागेल. मग फरशीवर अंथरायचं प्लास्टिक आणलं. ते कोरणीला दाद देत नाही, नुसतं रबरासारखं मागं सरकतं. मग तुझ्या उरलेल्या तुकड्यांतला एक काढला. रागावू नकोस, पलंगाखालच्या खोक्यातला आहे, छोटा.

अँबॅसिडर घेतली. सोपी वाटली, डब्यासारखी. बोनेटच्या वळणावर कोरणी सटकली ती थेट मागच्या चाकापर्यंत. दुसऱ्यांदा सटकली ती अंगठ्यात. आई दारातून बघत होती. पाणी आणायचं सोडून म्हणते, "गाडी चालवाय येत न्हाई आन कोराय निघाला." तिच्यापुढं काय बोलणार. भागूबाई दरेकरपुढं सरपंच बोलत नाही.

मग आठवलं. वळण आलं की तू हात वळवत नाहीस, शीट वळवतेस. हात जागेवरच. हे मी दोन वर्षं बघितलं होतं, पण बघितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा जमलं. छापलं. फोटो नानांना पाठवला. लगेच फोन. "अमृत, गाडी बरी हाय. पन स्टेरिंग डाव्या बाजूला कसं? दुबईला इकायची का?" कोरताना सगळं उलटं काढायचं, छापल्यावर ते सुलटं होतं, ही पहिल्या दिवशीची गोष्ट मी विसरलो. नंबरप्लेटसुद्धा आरशात बघून वाचावी लागते. तुझ्या फियाटवर मडगार्डवरचा पत्र्याचा जोडसुद्धा बरोबर बाजूला होता.

आता एक सांगतो, मागच्या पत्रात राहिलं. राहिलं नाही, मी लिहिलं नाही. नाना नुसतं सही कर म्हणाले नव्हते. आधी त्यांनी विचारलं होतं, "तूच कोरलंस ना रे हे?" आणि मी म्हणलं, "हो." एवढंच. त्यांच्या पोरासमोर, सुनेसमोर, बाहेर गाडी चालू ठेवून उभे होते. तेवढ्या घाईत 'कोरलं तिनं, छापलं मी, ती लग्नाला गेलीय' हे सगळं कोण सांगत बसणार? हो हा शब्द छोटा आहे.

हे सांगायचं कारण काल रविराजदादाचा फोन आला. स्वतःहून. मला वाटलं वायंडिंग उसकटायला. तर त्यानं सांगितलं की तुला तिथल्या मोठ्या कोर्सला अर्ज करायचाय. दहा कामं पाठवायची, स्वतःच्या हातची, स्वतःच्या सहीची, १५ फेब्रुवारीच्या आत. नऊ आहेत. म्हणाला, "तिच्या मनासारखं एकच हाय रं, ती फियाट. बाकी समदा सराव म्हनती. आन त्या फियाटखाली तुझं नाव."

मी पटकन म्हणलं, मग त्यात काय, अजून एक प्रत छापतो. म्हणून गेलो आणि जीभ चावली. त्याला काय माहीत, पण मला माहीत होतं. चार रंगांना चार शीट नव्हत्या, एकच होती. आधी फिकट रंग छापायचा, मग तीच शीट अजून कोरून पुढचा, मग अजून कोरून पुढचा. काळ्यापर्यंत येताना आधीची गाडी तू कोरून टाकलेली असते. शीटवर आता नुसत्या काळ्या रेघा उरल्यात, आकाशी पत्रा नाही. मागं जायला रस्ताच नाही.

हे तू मला आधी का नाही सांगितलंस, की तुला ते पाठवायचंय? आधी सांगितलं असतंस तर मी... तू ब्लॉक केल्यावर सांगणार कसं, हेही खरं.

असं करू. मी नानांच्या एखाद्या पाहुण्याकडून एक प्रत मागून आणतो. माझी सही पुसायची, तुझी करायची. साधी गोष्ट आहे, उगीच सगळ्यांनी डोक्याला ताप केलाय.

अमृत

काष्टी, २१ जानेवारी

ज्योती,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं पोस्टकार्ड आणि त्यावर तीन शब्द. 'पेननं केलीस ना?'

बाकी काही नाही. कशी आहेस नाही, अंगठा कसाय नाही. पोस्टमननं वाचून मला दिलं आणि विचारलं, "काय केलं रं पेननं?" गावभर झालं.

हो. पेननं केली.

नगरला चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला सरांनी सांगितलं होतं की छापाखाली सही शिसपेन्सिलीनंच करायची. तू तेव्हा वहीत लिहून घेतलंस आणि मी खिडकीतून बाहेर पाटबंधारे ऑफिसची जुनी जीप ढकलत होते ती बघत होतो. नंतर तूच सांगितलंस, दहादा. पण नानांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून समोर धरलं. जाड, सोनेरी टोपणाचं. त्यांच्यासमोर मी काय बालवाडीतल्यासारखी पेन्सिल शोधत बसू? शाई ओली होती आणि तुझा तो जाडसर कागद शाई पितो. मागच्या बाजूनंसुद्धा माझं आडनाव वाचता येतं. खोडरबर लावलं तर कागदाची साल निघेल.

तुला हे कसं कळलं? फोटोत दिसलं असणार. की मला ओळखतेस म्हणून?

म्हणजे मागच्या पत्रातली 'साधी गोष्ट' गेली. आता माझ्याकडं काही सुचत नाही. परवा कार्यक्रम आहे असं वाटतंय, पण अजून पाच दिवस आहेत. पाच दिवस म्हणजे काहीच नाही. अंगठ्याला चिकटपट्टी लावून सराव चालू आहे.

मी येऊ नकोस म्हणतो आता. तू आलीस आणि सगळ्यांसमोर माझ्याकडं नुसतं बघितलंस तरी माझं अवघड होईल.

अमृत

राहाता, २६ जानेवारी

ज्योती,

हे पत्रिकेच्या पाठीवर लिहितोय, स्टँडवर. कागद नव्हता. पुढच्या बाजूला माझा फोटो आहे, बघू नकोस.

झाला कार्यक्रम. झेंडा, मग फीत, मग गाड्या. नानांनी फियाटला हार घातला, अँबॅसिडरला घातला, जीपला घालताना हार संपले. मला फेटा, शाल, नारळ. माईकवर नाना म्हणाले, "ह्या पोराच्या बोटांत जादू हाय." जादूला चिकटपट्टी होती. टेबलावर बसून मी दहा मिनिटं कोरलं. एक चाक आणि अर्धं दार. लोक लांबून बघत होते, लांबून चांगलं दिसतं.

मग गहिनीनाथमामा आले. सत्तरीचे, नखांत काळं ग्रीस, शर्टाला पेन नाही, टेस्टर. नानांच्या गाड्यांचं काम चाळीस वर्षं त्यांनीच केलंय. भिंतीवरच्या फ्रेममधल्या फियाटसमोर ते बराच वेळ उभे होते. चष्मा वर, चष्मा खाली. मला हाक मारली.

"पोरा, ही हेडलाइटची रिंग चेपलीय बघ. माझ्याच हातून पान्याचा फटका बसला हुता. नानाला आजवर सांगितलं न्हाई. ज्यानं हे कोरलं त्यानं त्या रिंगवरनं बोट फिरवलंय."

मी म्हणलं, "हो, बारीक बघावं लागतं मामा."

"आसं? मग सांग बरं, रिंग वरून चेपलीय का खालून?"

आता ते फ्रेमकडं पाठ करून मधेच उभे होते. मला दिसत नव्हतं.

"वरून."

"खालून," म्हणाले. ओरडले नाहीत, हसले नाहीत. "बरं," म्हणाले आणि जिलबीकडं गेले. मी फेटा घालून उभा. इतका राग आला मला त्या म्हाताऱ्याचा. जिलबी खातानासुद्धा त्यांनी परत माझ्याकडं बघितलं नाही, त्याचा जास्त.

तू तीन दिवस त्या शेडमध्ये होतीस. फडक्यानं बोनेट पुसायचीस, मग हात फिरवायचीस, मग कागदावर एक रेघ. मी बाहेर ड्रायव्हरबरोबर हेराल्ड कुणाची होती, कुठून आली, त्या गप्पांत. अजून ती गोष्ट मला पूर्ण माहीत आहे. रिंग माहीत नाही.

स्टँडवर आलोय. काष्टीला जायला दौंडकडची गाडी लागायची आहे. थांब. गाडी लागली. जाऊ देतो ती. नानांकडं परत जाऊन येतो.

आलो. सांगितलं.

मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. नाना एकटेच जीपमध्ये बसले होते, खूश. मी म्हणलं, नाना, फियाट मी नाही कोरली. छापली मी. कोरली ज्योती बेल्हेकरनं, सोनईची.

नाना म्हणाले, "कोन ज्योती?"

"तीन दिवस यायची ती."

"ती? बोनेट पुसत बसायची ती? आरं, मला वाटलं तू गाडी पुसायला बाई आनलीस."

ज्योती, हे तुला लिहू का नको असं झालं. पण लिहितो. मी तेव्हाही तिथं होतो ना, दिवाळीआधी. नानांनी तुला एकदा बादली कुठं आहे ते दाखवलं होतं. मला हसू आलं होतं तेव्हा. का हसतोय ते मी तुला सांगितलं नव्हतं.

मी म्हणलं, सगळ्या प्रतींवर तिचं नाव लिहायचंय, तुमच्या भिंतीवरच्या फ्रेमपासून सुरू करतो. तर नाना जीपमधून उतरले. "सकाळी तुझा सत्कार केला, दुपारी दुसऱ्याचं नाव? चारशे मानसं जेवून गेली. काय म्हनतील? नानाला कळत न्हाई कोन कलाकार आन कोन पुसनारी?"

"तसंच झालं ना पण, नाना."

हे तोंडातून गेलं. मला वाटलं आता मार बसतो. नाना नुसतं म्हणाले, "नारळ कुठाय?"

"पिशवीत."

"काढ. शाल पन." ठेवून घेतलं दोन्ही. फेट्याचं ते विसरले, तो अजून डोक्यावर आहे, स्टँडवरची पोरं नवरदेव म्हणतायत. "माझ्या भिंतीवरचं उतरायचं न्हाई. बाकीच्या अकरा कुनाकुनाला दिल्या त्याची यादी सुनेकडं हाय. तुझं तू बघ."

यादी घेतली. उद्यापासून सुरू.

अमृत

सोनई, ४ फेब्रुवारी

ज्योती,

तुझ्याच गावातून लिहितोय, रविराजदादाच्या दुकानातून, त्याच स्टुलावर. आज चहा मिळाला. अर्धा कप.

आठ दिवसांत अकरा घरं. राहाता, शिर्डी, नेवासा, काष्टी, सोनई. अर्ध्या जिल्ह्याला माझी बाईक माहीत झाली. पिशवीत पक्कड, खिळे, चिकटपट्टी, पेन. फ्रेमच्या मागचे खिळे उपसायचे, चित्र काढायचं, माझ्या सहीच्या अलीकडं लिहायचं 'कोरणारी ज्योती बेल्हेकर', आणि माझ्या नावाआधी 'छापणारा'. पेननंच, कारण माझं पेननं आहे आणि तुझं पेन्सिलीनं लिहिलं तर परत तेच, माझं ठळक आणि तुझं पुसट.

हे सांगायला एक मिनिट लागतं. करायला आठ दिवस का लागले ते ऐक. राहात्यात एक डॉक्टर. त्यांना वाटलं चित्रात काही दोष निघाला म्हणून कंपनीनं परत मागवलंय. "गाडीसारखंच का हो? रिकॉल?" काष्टीतला तो खतवाला, माझ्याच गावचा, त्यानं फियाटवर कॅलेंडर टांगलंय. खिळा आयता मिळाला म्हणे. शिर्डीत एकजण फ्रेम देईनात, "नानांना फोन लावतो." लावला. मला वाटलं गेलं आता. नाना पलीकडून म्हणाले, "द्या त्याला. डोकं फिरलंय त्याचं." एवढंच, पण द्या म्हणाले.

नेवाशात रतनबाई म्हणून आजी. त्यांनी फियाट देव्हाऱ्यात ठेवलीय. मुलाची साखर कारखान्यात नोकरी नानांच्या शब्दानं लागली म्हणून. काचेवर हळदीकुंकू. मी पक्कड काढली तर म्हणाल्या, "आधी हातपाय धू." धुतले. मग म्हणाल्या, "काय लिव्हनार?" सांगितलं. "बाईनं कोरलंय व्हय हे? आन तू काय केलं?" छापलं म्हणलं. "म्हंजे तिनं पीठ मळलं, पोळी लाटली, भाजली, आन तू ताटात वाढली." मी म्हणलं, तसं नाही आजी, चरकाचा दाब बरोबर लागतो, कागद ओलसर लागतो, शाई पातळ झाली तर... त्या ऐकतच नव्हत्या. तुझं नाव लिहून झाल्यावर त्यांनी त्याच्या शेजारी कुंकवाचं बोट टेकवलं. माझ्या नावाशेजारी नाही.

आणि इथं सोनईत शाळेतल्या अश्विनीताई. त्यांनी सगळं ऐकलं, फ्रेम स्वतः उघडून दिली, लिहू दिलं, आणि मग विचारलं, "याचा तिला उपयोग काय?"

मी म्हणलं, नाव आलं ना तिचं.

"ते आलं. पण रविराज म्हणत होता तिला कोऱ्या समासाची प्रत लागते, फक्त तिची सही असलेली. ही चालेल?"

चालणार नाही. दोन नावं, पेननं, एक मागून घुसडलेलं. हे मला पहिल्या घरापासून माहीत होतं. मी म्हणलं, बघू. त्या म्हणाल्या, "बघू म्हणजे?" शिक्षक लोकांची ही सवय फार वाईट. एकदा विचारलं की उत्तर येईपर्यंत बघत राहतात.

अकरा घरं झाली, ज्योती. माझं मन शांत व्हायला पाहिजे होतं. उलट चिडचिड होतेय. रविराजदादा म्हणतो, "लई फिरलास, आता बस." मी म्हणलं, हे बसलोच आहे. तो म्हणाला, "स्टुलावर न्हाई म्हनत मी."

अमृत

काष्टी, ८ फेब्रुवारी

ज्योती,

बारा नव्हत्या. तेरा होत्या.

तुला आठवत असेल, आपण पंधरा कागद कापले होते, दोन-तीन बिघडतील म्हणून. पहिल्याच रंगाला एक गेला, तिसऱ्याला अजून एक. काळ्याच्या वेळी मी तुला सांगितलं, अजून एक गेला, काळा पसरला, चुलीत घातला. तू म्हणालीस, "अरेरे, बघू तरी दिला असतास." तो गेला नव्हता.

तो पहिल्या दाबातच असा आला होता की मी चरकाचं हँडल धरून तसाच उभा राहिलो. बाकीच्यांत कुठं ना कुठं काळा थोडा जास्त आहे, थोडा कमी आहे. यात नाही. मला तो ठेवायचा होता. सही करायची म्हणून नाही, कुणाला दाखवायचा म्हणून नाही, मला खरंच माहीत नाही कशाला. तू शेजारच्या खोलीत हात धूत होतीस. मी तो दोन प्लायवुडच्या मध्ये घालून गादीखाली सरकवला आणि तुला चूल सांगितली. नानांचं पेन त्यानंतर तीन दिवसांनी आलं. म्हणजे नाना दोन दिवस आधी आले, घाई होती, सून उभी होती, हे सगळं मी तुला जे लिहिलं, ते खरं आहे, पण सुरुवात तिथून नाही.

नाना आले तेव्हा बाराच प्रती बाहेर होत्या. म्हणून यावर सही नाही. समास कोरा आहे.

१३ जानेवारीला तुझ्या भावानं फोनवर सांगितलं की तुला ही एकच गोष्ट पाहिजे, तेव्हा मी याच गादीवर बसलो होतो. मी काय म्हणालो, तर प्रत मागून आणतो. अकरा घरांची दारं वाजवली. पाहुण्यांच्या देव्हाऱ्यापर्यंत गेलो, हातपाय धुतले. पण स्वतःची गादी उचलली नाही. तुझं नाव लिहीत हिंडणं मला सोपं गेलं. हिंडणं मला नेहमीच सोपं जातं, तुला माहीतच आहे. तुला देण्यासारखं माझ्याकडं एकच होतं आणि ते सोडून बाकी सगळं मी देत होतो.

काल उचलली. आई दारात होतीच. म्हणाली, "काय हाय ते?" म्हणलं, ज्योतीचं हाय. म्हणाली, "मग तुझ्या हातरुणात काय करतंय?" तिनंच जुनं पातळ आणून दिलं गुंडाळायला.

पोस्टानं पाठवत नाही. नळकांड्यात गुंडाळलं तर काळ्याला भेगा पडतील. रविराजदादा ११ तारखेला रात्री बडोद्याला निघतोय. दुकान दोन दिवस बंद ठेवणार म्हणाला, हंगामात, आणि तेही मला न ओरडता. तो सपाट, प्लायवुडमध्ये, मांडीवर घेऊन येईल. मी येत नाहीये. यायचं मनात आलं होतं, बाईकवर, वाटेत सापुतारा वगैरे. म्हणून तर दादाकडं दिलं.

१२ तारखेला तुझ्या हातात पडेल. तीन दिवस उरतात. नऊ आणि हे, दहा.

सही कशी करायची, कशानं, कुठं, ते मी तुला सांगणारा कोण. खाली नुसतं 'ज्योती बेल्हेकर' लिहिलंस तरी ते खोटं नाही, तिथं कोरणाऱ्याचीच सही मागतात. छापणाऱ्याचं नाव कुठं तरी बारीक घालायचं असेल तर घाल, नसेल घालायचं तर नको. हे मी दिवाळीत तुला विचारायला पाहिजे होतं. आत्ता विचारतोय.

अमृत